आरशाला रोज चाळीसदा विचारलेला प्रश्न

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे, नोकरीचं पहिलंच वर्ष. दोन्ही गालांवर मुरुमांचे जुने डाग आहेत, डावीकडे जास्त. घरातून निघताना चार-पाचदा आरसा बघते, बाहेर फोनचा पुढचा कॅमेरा उघडून बघते. दिवसाचे तीस-चाळीस वेळा तरी होत असेल. ऑफिसात डावा गाल भिंतीकडे येईल अशीच खुर्ची पकडते, केस कायम गालावर. व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्यापेक्षा माझ्याच चौकटीकडे लक्ष असतं. बहिणीला रोज विचारते, "आज फार दिसतायत का?" ती नाही म्हणते, पण मला पटत नाही. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाला ऐन वेळी गेले नाही. आई म्हणते, हे सगळे नखरे आहेत. हा आजार आहे का? आधी लेझर करून डाग घालवू का? आणि येत्या शनिवारी शाळेतल्या मैत्रिणी भेटणार आहेत. जाऊ की नको?

उत्तर : आईच्या 'नखरे' या शब्दापासून सुरुवात करते. तो बहुतेक जणींना ऐकावा लागतो आणि त्याच्या धास्तीने पुष्कळ जणी वर्षानुवर्षं कुणाला काही सांगत नाहीत. नखरा करणाऱ्या मुलीला लोकांनी आपल्याकडे बघावं असं वाटत असतं. तुझा सगळा खटाटोप कुणी बघूच नये म्हणून चाललाय. दोघी आरशासमोर सारखाच वेळ घालवतील, पण एक खुशीत बाजूला होईल आणि दुसरी दाराशी पोचून परत वळेल. बाहेरून आईला फक्त आरसा दिसतो, परत वळतानाची घालमेल दिसत नाही. तेव्हा तिच्यावर चिडू नकोस, पण तिचा शब्द स्वतःला लावूनही घेऊ नकोस.

तुला जे होतं ते म्हणजे आपल्या रूपावरून लोक आपल्याला जोखतील, ही भीती. ती इतकी नेहमीची आहे की ती मोजायला २००८ मध्ये १६ विधानांची एक प्रश्नावली तयार झाली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण द्यायचे. स्वतःच्या शरीराबद्दल थोडी नाराजी तर त्याहून सार्वत्रिक. १९८०च्या दशकातच संशोधकांनी म्हणून ठेवलं होतं की बायकांमध्ये ही नाराजी अपवाद उरलेली नाही, तीच रीत झाली आहे. म्हणून 'मला माझे डाग आवडत नाहीत' एवढ्यावर मी तुला काहीच सांगितलं नसतं. न आवडोत. मला काळजी वाटते ती त्या डागांपायी तू दिवसभर जे करतेस त्याची.

तुझ्याच पत्रातून यादी काढते. आरसा, कॅमेरा, खुर्ची, केस, स्वतःची चौकट, बहिणीला विचारणं, न जाणं. या सातही गोष्टी तू भीती कमी व्हावी म्हणून करतेस आणि प्रत्येकीने ती पाच-दहा मिनिटं कमी होतेही. घोळ तिथेच आहे. मानसोपचारात आम्ही यांना सुरक्षा-वर्तन म्हणतो. खुर्ची भिंतीकडची मिळाली, दिवस बरा गेला, की मन हिशेब लावतं : 'खुर्चीमुळे वाचले.' उजेडात, गाल उघडा ठेवून बसल्यावरही काही झालं नसतं, हे कळायची संधीच त्या मनाला मिळत नाही. ज्यांना वजनाची किंवा अंगकाठीची चिंता असते त्यांची यादी वेगळी असते : दिवसातून पाचदा वजनकाट्यावर उभं राहणं, कमरेची वळी चिमटीत धरून बघणं, मनगटाभोवती बोटं जुळतात का ते तपासणं, ढगळ कपडे, पोटावर पर्स धरून बसणं. काही जणी तर आरसाच झाकून ठेवतात. सारखं बघणं आणि अजिबात न बघणं ही एकाच भीतीची दोन रूपं आहेत. पुष्कळदा एकाच मुलीत आलटून पालटून दिसतात.

आता आरशाबद्दल जरा सविस्तर, कारण तुझा विश्वास सगळ्यात जास्त आरशावर आहे आणि तो फारसा भरवशाचा साक्षीदार नाही.

तू गाल कसा बघतेस? नाक काचेला टेकेल इतक्या जवळून, उजेडाकडे तिरकी मान करून, तेवढाच चार बोटांचा तुकडा. असा तुझा चेहरा जगात कुणीही बघत नाही. दोन माणसं बोलताना मध्ये हात-दीड हात अंतर असतं, चेहरा हलत असतो, डोळे समोरच्याच्या डोळ्यांवर आणि ओठांवर असतात. जवळून एकाच जागी रोखून बघितलं की ती जागा मोठी होत जाते आणि बाकीचा चेहरा विरत जातो. २०११ च्या एका प्रयोगात ज्यांना रूपाची कसलीही चिंता नव्हती अशांनाही दहा मिनिटं आरशात निरखायला लावलं. त्यांची अस्वस्थता आणि नाराजी वाढली. म्हणजे ही गोष्ट फक्त तुझ्या स्वभावात नाही, कुणालाही इतकं बघायला लावलं की हेच होतं. तू तर रोज बघतेस.

फोनचा कॅमेरा त्याहून लबाड. हातभर अंतरावरून, रुंद कोनाच्या भिंगाने काढलेल्या फोटोत जो भाग भिंगाजवळ तो फुगतो. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एका फुटावरच्या सेल्फीत नाक जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं, असं गणित २०१८ मध्ये डॉक्टरांनीच मांडलं, कारण सेल्फी दाखवून नाक बारीक करून मागणारी माणसं त्यांच्याकडे यायला लागली होती. आणखी एक गंमत. आपल्याला आपला आरशातला, उलटा चेहरा सवयीचा असतो, इतरांना सुलटा. १९७७ मध्ये काही मुलींना स्वतःच्या एकाच फोटोच्या सुलट आणि उलट अशा दोन प्रती दाखवल्या. त्यांनी स्वतः जास्त करून आरशासारखी प्रत निवडली आणि त्यांच्या जवळच्या माणसांनी सुलटी. ग्रुप फोटोत 'मी कशीतरीच दिसते' असं वाटतं त्यातला बराचसा भाग एवढाच असतो. तो चेहरा तुझ्या ओळखीचा नसतो, मैत्रिणींच्या असतो.

तू म्हणशील, फोटोचं सोडा, लोक माझ्याशी बोलताना गालाकडे बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. यासाठी १९८० मधला एक प्रयोग सांगते. मी तो माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला सांगते. सहभागी माणसांच्या चेहऱ्यावर रंगाने एक ठसठशीत व्रण काढला, त्यांना आरशात दाखवला आणि सांगितलं की आता एका अनोळखी माणसाशी बोला, तो तुमच्याशी कसा वागतो ते बघा. खोलीत पाठवण्याआधी 'व्रण वाळून तडकू नये म्हणून जरा क्रीम लावतो' असं म्हणत तो व्रण गुपचूप पुसून टाकला. चेहरा कोरा, पण त्यांना ते माहीत नाही. बोलणं झाल्यावर त्यांनी सांगितलं की समोरचा माणूस अवघडला होता, व्रणाचा त्याच्यावर परिणाम झालेला स्पष्ट जाणवला. नसलेल्या व्रणाचा! खोटं कुणीच बोलत नव्हतं. कुणाशीही बोलताना समोरचा मध्येच नजर हलवतो, घसा खाकरतो, घड्याळ बघतो. चोराच्या मनात चांदणं असलं की त्या प्रत्येक हालचालीला एकच अर्थ लागतो.

तुझ्या गालावर डाग खरोखर आहेत, मी ते नाकारत नाही. लोकांना ते दिसतही असतील. पण दिसणं, लक्षात राहणं आणि त्यावरून मत बनवणं या तीन पायऱ्या आहेत आणि तू पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतेस. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांचा अंदाज होता की निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असेल. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांना सांगता आलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही.

व्हिडिओ कॉलचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण नोकरीच्या दृष्टीने मला तो महत्त्वाचा वाटतो. स्वतःला सतत बाहेरून बघणं हे मेंदूचं पूर्ण वेळाचं काम आहे. १९९८ मध्ये काही विद्यार्थिनींना आरसा असलेल्या खोलीत, एकटीला, पोहण्याचा पोशाख घालून गणिताची चाचणी सोडवायला दिली आणि काहींना स्वेटर घालून. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना कमी गुण पडले. त्या खोलीत बघणारं कुणीच नव्हतं. बघत होत्या त्या स्वतःच. तेव्हा मीटिंगमध्ये तुला ऐन वेळी मुद्दा सुचत नसेल तर त्याचा दोष हुशारीला देऊ नकोस. आजच्या आज कॉलमधली स्वतःची चौकट लपवण्याची सोय वापर. ती जवळपास सगळ्या ॲपमध्ये असते.

बहिणीचं काय? पत्र वाचताना मी 'पण मला पटत नाही' या शब्दांपाशी थांबले होते. रोज विचारतेस, रोज तेच उत्तर येतं आणि तरी उद्या परत विचारतेस. उत्तराने काम होत असतं तर एकदाच पुरलं असतं. ती 'नाही' म्हणाली की मन म्हणतं 'बहीण आहे, म्हणणारच', ती क्षणभर थांबली की 'बघ, विचार करावा लागला', आणि वैतागली की 'खरंच दिसतायत वाटतं'. तिच्याकडे जिंकायचा रस्ताच नाही. या कारणाने 'तू छान दिसतेस' असल्या कौतुकाने फारसं भलं होत नाही, असं माझं मत झालंय. आरशासमोर उभं राहून 'मी सुंदर आहे' म्हणण्याच्या सल्ल्याचंही तेच. चर्चा परत चेहऱ्यावरच येऊन बसते. बहिणीला हे उत्तर वाचायला दे आणि दोघींत ठरवा : तू विचारलंस की तिने फक्त 'हा तोच प्रश्न आहे, याचं उत्तर मी देणार नाही' म्हणायचं, हसून, न चिडता, आणि दुसरा विषय काढायचा. पहिले काही दिवस तुला तिचा राग येईल. येऊ दे.

सोशल मीडियावर मी फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. एवढंच, की दोष फक्त फोनचा नाही. १९९५ मध्ये फिजीच्या एका भागात पहिल्यांदा टीव्ही आला. तीन वर्षांत तिथल्या शाळकरी मुलींमध्ये खाण्याविषयीची बिघडलेली वृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीचे गुण मिळवणाऱ्यांचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं, आणि वजनासाठी मुद्दाम उलटी काढणं, जे आधीच्या गटात कुणीच करत नव्हतं, ते ११.३ टक्के मुली करू लागल्या. तेव्हा फिल्टर नव्हते. बघण्यासाठी तयार केलेले चेहरे आणि शरीरं रोज समोर आली की तुलना आपोआप होते. नॉर्वेने १ जुलै २०२२ पासून जाहिरातीतल्या फेरफार केलेल्या शरीरांवर तसं लिहिणं बंधनकारक केलं, फ्रान्सने त्याआधीच, २०१७ मध्ये. अशा कायद्यांनी जाहिरातदारांवर वचक बसतो. पण खाली बारीक अक्षरात काही लिहिलंय म्हणून तुलना थांबते, असं मला वाटत नाही. तुझ्या बाबतीत मी एकच विचारीन : त्वचेचे 'आधी-नंतर' व्हिडिओ किती बघतेस? ते बंद कर. ती माहिती नाही, तपासणीच आहे.

आता आजाराचा प्रश्न. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, थोडक्यात बीडीडी, नावाचा एक विकार आहे. एनरिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरने १८९१ मध्ये त्याचं वर्णन केलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात तो ओसीडीच्या, म्हणजे नको ते विचार सारखे येऊन तीच तीच कृती करायला लावणाऱ्या विकाराच्या, शेजारी बसवला गेला. यात माणूस अशा दोषाने पछाडतो जो इतरांना दिसत नाही किंवा जेमतेम दिसतो, पुन्हा पुन्हा तपासतो, झाकतो, विचारतो, आणि त्यापायी काम, शिक्षण, नाती कोलमडतात. साधारण शंभरात दोघांना तो असतो, पुरुषांनाही, आणि सुरुवात बहुधा अठरा वर्षांच्या आत होते. ढोबळ खूण म्हणजे दिवसातला तासभर किंवा जास्त वेळ या विचारात जाणं. पत्रावरून निदान करणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पण तुझी मोजदाद, टाळलेला वाढदिवस आणि न पटणं हे तिन्ही एकत्र बघितल्यावर मानसोपचारतज्ज्ञाला किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला एकदा भेटावंस, असं मी स्पष्ट सांगते. आणि तिथे नुसतं 'टेन्शन येतं' म्हणू नकोस. लाजेपोटी मुली तेवढंच सांगतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. 'मी दिवसातून चाळीसदा चेहरा तपासते' हे वाक्य जसंच्या तसं म्हण.

दोन गोष्टींमध्ये मात्र वाट बघायची नाही. एक : जेवण टाळणं, बकाबका खाऊन उलटी काढणं, वजनासाठी रेचकं घेणं, पाळी थांबणं, चक्कर येणं. यात शरीराला खरा धोका असतो. दोन : 'यापेक्षा नसलेलं बरं' असा विचार. बीडीडीमध्ये आत्महत्येचा धोका खूप वाढलेला असतो, म्हणून हा विचार एकदाही डोकावला असेल तर त्याच दिवशी बहिणीला सांग आणि डॉक्टर गाठ.

उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. बीडीडीसाठी खास बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची बोलून करायची उपचारपद्धत, सहसा काही महिने, आठवड्याला एक बैठक अशी चालते. गरज पडली तर एसएसआरआय गटातली, नैराश्य आणि चिंतेवरही वापरली जाणारी औषधं देतात. त्यांचा गुण यायला बारा आठवड्यांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे महिनाभरात 'काही फरक नाही' म्हणून सोडून देऊ नयेत आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंद तर मुळीच करू नयेत.

लेझरचं उत्तर तुला आवडणार नाही. मुरुमं अजून येत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जरूर जा, तो साधा वैद्यकीय उपचार आहे. डाग घालवण्याची प्रक्रिया मात्र आत्ता नको. बीडीडी असताना केलेल्या सौंदर्य-उपचारांनी मनाची चिंता क्वचितच मिटते. डाग फिका होतो आणि लक्ष रंगाच्या फरकावर जातं, तिथून नाकावर. आधी मनाचं काम कर, मग सहा-आठ महिन्यांनी, रोजचं तपासणं आटोक्यात आल्यावरही लेझर हवंसं वाटलं तर खुशाल कर. तेव्हाचा निर्णय भीतीच्या धाकाने घेतलेला नसेल.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत घरी काय करायचं ते सांगते. पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त मोजायचं. फोनच्या नोंदवहीत प्रत्येक तपासणीला एक रेघ, आणि जमल्यास तिच्या आधी काय घडलं ते दोन शब्दांत. बहुतेकींना कळतं की निम्म्या रेघा ठरावीक वेळांना पडतात : मीटिंगआधी, लिफ्टमध्ये, कंटाळा आल्यावर. मग तुझी सात कलमं सोप्यापासून अवघडापर्यंत लाव. चौकट लपवणं सोपं असेल, केस मागे बांधून उजेडात बसणं सगळ्यात अवघड. एका वेळी एकच कलम घे आणि करण्याआधी भाकीत लिहून काढ. 'उजवीकडच्या खुर्चीत बसले तर तिघं तरी गालाकडे टक लावून बघतील, एक जण विचारेल.' बसून ये आणि काय झालं ते लिही. भाकीत नेमकं हवं. 'वाईट वाटेल' हे भाकीत नव्हे, वाईट तर वाटणारच आहे. पोटात गोळा येईल, तो ओसरेपर्यंत तिथेच बसायचं, आणि बसल्या बसल्या लक्ष बाहेर लावायचं : समोरचा नेमकं काय म्हणतोय, त्याचा आवाज कसा आहे, खोलीत कोण काय करतंय. एकाच खुर्चीचा प्रयोग चार-पाच वेळा केल्याशिवाय पुढच्या कलमावर जाऊ नकोस. एकदा जमलं ते मन नशिबावर ढकलतं.

आरसा सोडायचा नाही, वापरायची पद्धत बदलायची. हातभर लांब उभं राहायचं, कमरेपर्यंत दिसेल असं. दात घासणं, केस विंचरणं, कपडे नीट करणं, एवढी कामं आणि बाहेर. भिंगाचा आरसा असेल तर तो बहिणीकडे देऊन टाक.

आणि शनिवार. जा. केस मागे बांधून जा, असं मी म्हणणार नाही, ते तुझ्या यादीत शेवटचं आहे. केस हवे तसे सोड, खुर्चीही हवी ती घे. या वेळी एकच गोष्ट करायची : कुणी फोटो काढला तर त्यात उभी राहा, आणि तो ग्रुपवर आला की रविवार संध्याकाळपर्यंत उघडू नकोस. निघण्याआधी भाकीत लिहून ठेव, कोण काय बोलेल त्याचं. रविवारी आधी ते भाकीत वाच, मग फोटो बघ, झूम न करता.